खिडकीतल्या खोक्यापासून गच्चीवरच्या हुकांपर्यंत

रौप्यमहोत्सवी अंकासाठी लेख द्या असं चिटणीस म्हणाले तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. माझा हात पाना-पकडीला सरावलेला, पेनाला नाही. पण बी विंगमधल्या आजी म्हणाल्या, "अरे, बिल्डिंगमधलं एकेक घर तू आतून-बाहेरून बघितलंयस. तू नाही लिहिणार तर कोण?" त्यातला 'बाहेरून' हा शब्द डोक्यात राहिला. म्हणून लिहितो.

सुरुवात 'टना'पासून करतो, कारण एसी घेताना प्रत्येक जण मला हेच विचारतो, "एक टनाचा घेऊ की दीड?" पुष्कळांना वाटतं हे मशीनचं वजन. तसं नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर फेकणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी. टनही अमेरिकन, साधारण ९०७ किलोचा. म्हणजे यंत्र यायच्या आधी थंडावा बर्फाच्या लाद्यांवर मोजत, ते माप आपण अजून वापरतोय.

आणि मुंबईने हा बर्फ खरोखरच अमेरिकेतून आणलेला आहे! बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात रचून, चार महिन्यांच्या समुद्रप्रवासाने कलकत्त्याला पोचवला. पाठोपाठ तो मुंबईतही येऊ लागला. फोर्टात गोदीजवळ त्यासाठी जाड भिंतींचं बर्फघर बांधलं गेलं. मद्रासचं बर्फघर अजून उभं आहे, 'विवेकानंद हाऊस' म्हणून लोक बघायला जातात. आपलं मात्र राहिलं नाही. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं सांगतात. एसीने सर्दी होते ही ए विंगची तक्रार बरीच जुनी आहे तर!

अर्थात हे साहेबांचं आणि शेटजींचं. बाकीच्यांना माठ आणि वाळ्याचे पडदे.

यंत्राचा जन्म १९०२ चा. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंगावर रंग बसायचा नाही. त्यावर विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने उपाय काढला. आपल्या पावसाळ्यात पापड सादळतात, तसाच तो कागद. म्हणजे पहिला एसी माणसाच्या सुखासाठी नव्हताच, कागदासाठी होता. मुंबईकरांना तो भेटला थिएटरात. कुलाब्याचं रीगल १९३३ मध्ये वातानुकूलित होऊनच उघडलं. ब्लू स्टार १९४३ ची, व्होल्टास १९५४ ची. व्होल्कार्ट ब्रदर्समधला 'व्होल' आणि टाटा सन्समधला 'टास', असं ते नाव झालं. तरी मध्यमवर्गाच्या घरात एसी शिरायला आणखी चाळीसेक वर्षं गेली.

मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा कोर्स करून १९८८ मध्ये बाहेर पडलो. सगळं काम फोर्ट, नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत. घरचं गिऱ्हाईक वर्षाला एखादं. पुढे तारतंत्रीचा परवाना काढला, मग विद्युत ठेकेदाराचा. त्या कागदाची फ्रेम करून आईने देवघराशेजारी लावली होती.

आपल्या बिल्डिंगचा ताबा मिळाला तेव्हा बिल्डरने बेडरूमच्या खिडकीखाली एसीसाठी चौकोनी भोक ठेवलं होतं. बहुतेकांनी ते प्लायवूडने बंद केलं आणि बाहेरच्या बाजूने कबुतरांनी संसार थाटले. पहिल्या वर्षी दोन्ही विंग मिळून एसी होते तीन. एक माझा होता, तोही एका ऑफिसातून निघालेला जुना.

विंडो एसी अवजड, खडखड करणारा. पण त्याची एक गोष्ट चांगली होती. बिघडला की दोघांनी धरून घरात ओढायचा, बाथरूममध्ये धुवायचा, परत सरकवायचा. मेकॅनिक खोलीतच. मग स्प्लिट आला. आवाज बाहेर गेला, खिडकी मोकळी झाली, सगळे खूश. पण कंप्रेसरचं धूडही बाहेर गेलं, भिंतीवर, चौथ्या-पाचव्या मजल्यावर. आता गॅस भरायला, कॉइल धुवायला माणसालाही खिडकीबाहेर जावं लागलं. आमच्या धंद्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल कुठला, असं कोणी विचारलं तर मी हाच सांगेन.

एसी वाढले तशी वायरिंगचीही बोंब झाली. मेच्या रात्री साडेदहाला सगळ्यांचे एसी एकदम चालू, की मीटर रूममधला फ्यूज उडालाच. लोड वाढवून घेतला, केबल बदलली. त्या खर्चावरून झालेलं भांडण जुन्या सभासदांना आठवत असेल, ते इथे उकरत नाही.

२०१२ चा मे महिना मात्र लिहायला हवा. ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आउटडोअर बसवायचा होता. पाहुणे यायचे होते, घाई होती. माझा हेल्पर, एकोणीस वर्षांचा पोरगा, छज्जावर उतरला. वरच्या एसीचं पाणी ठिबकून तिथे शेवाळ धरलं होतं. बेल्ट खाली टेम्पोत होता. "दहा मिनिटांचं काम आहे, उतर," हे मीच म्हणालो होतो. तो घसरून सायकल शेडच्या पत्र्यावर पडला, म्हणून वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला.

हॉस्पिटलात त्याच्या आईने मला एकच विचारलं, "शेठ, तुमच्याकडे लायसन आहे ना?" होतं. पण ते वायर ओढायचं होतं. छज्जावर माणूस उभा करायला कोणी लायसन विचारत नाही.

बिल मी भरलं. निम्म्याहून जास्त रक्कम आपल्या सभासदांनी न मागता जमवून दिली, हे इथे नमूद करतो. त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. आउटडोअर फक्त डक्टच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर आणि हात पोचेल तिथेच बसवायचा. ड्रेनचं पाणी पाइपनेच खाली न्यायचं. बाहेरचा मेकॅनिक आला तरी बेल्ट आणि दोर गच्चीवरच्या हुकाला बांधल्याशिवाय त्याला खिडकीबाहेर जाऊ द्यायचं नाही. "आता वॉचमनने काय बेल्ट तपासायचे?" म्हणून दोन तास वाद झाला. ठराव थोडक्या मतांनी पास झाला. वॉचमन आजही बेल्ट तपासतो.

तो पोरगा वर्षभराने परत कामावर आला. बाहेरचं काम त्याला मी दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही. आता तो वसईकडे स्वतःचं काम करतो. पावसाळ्यात पाय दुखतो म्हणतो.

मशीन बदलतच राहिलं. आर-२२ गॅस ओझोनपायी मागे पडला, आर-३२ आला. तो पेट घेऊ शकतो, तेव्हा जोडाजोड करणाऱ्याला कंपनीचं ट्रेनिंग आहे का, हे जरूर विचारा. २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवरच येतात. तिथेच राहू द्या, बिल कमी येतं.

गच्चीवरचे हुक एकूण आठ. गेल्या पावसाळ्यानंतर पाहिले तर पाण्याच्या टाकीकडचे दोन गंजले आहेत. या वर्षी इमारतीचं रंगकाम निघतंय, झुल्यावरची पोरं त्यांनाच दोर बांधतील. म्हणून आधी आठही हुक बदलून, वजन टांगून तपासून घ्यावेत, असं पत्र मी कमिटीला दिलं आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. मजुरी लावलेली नाही.