राजाने बंदी घातलेल्या बग्ग्या

इ.स. १५७७. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने मेक्सिकोतील वसाहतीत बग्ग्या वापरण्यास मनाई केली. राजाला चैनीचे वावडे होते म्हणून नव्हे. त्याला चिंता होती घोडेस्वारांची. जिंकलेल्या मुलखातील गावांचा कर आणि वेठ ज्या स्पॅनिश घराण्यांना लावून दिली होती, त्यांनी घोडा व शस्त्र बाळगून लढाईस सज्ज राहावे, अशी अट होती. तीच मंडळी गादीवर रेलून फिरू लागली, तर बंड मोडायला धावणार कोण?

फर्मान फार काळ टिकले नाही. खाणींतून चांदी वाहत होती आणि ती मिरवायला बग्गीसारखे साधन नव्हते.

१६२५ मध्ये थॉमस गेज हा इंग्रज पाद्री मेक्सिको शहरात आला. तेथे पंधरा हजारांवर बग्ग्या असल्याचे त्याने ऐकले आणि तसेच लिहून ठेवले. आकडा फुगवलेला असणार. गेजला तिखटमीठ लावण्याची खोड होतीच. पण तपशील बोलके आहेत. बग्ग्यांना सोन्याचांदीचा, रत्नांचा साज. आत चिनी रेशीम. हे रेशीम मनिलाहून प्रशांत महासागर ओलांडून अकापुल्को बंदरात उतरे.

दुपारी चारच्या सुमारास या बग्ग्या अलामेडा बागेत जमत. कुठे जायचे नसे, फक्त दिसायचे असे. सोबत आफ्रिकी गुलामांचा ताफा: कुणाचे सहा, कुणाचे बारा. अंगावर जरीची वर्दी, पायांत रेशमी मोजे, कमरेला तलवार. ज्याला स्वतःच्या देहावर हक्क नाही, त्याच्या कमरेला मालकाच्या थाटासाठी तलवार!

हा थाट रस्त्यावरच्या लोकांनाही दिसत होता. गेज येण्याच्या आदल्याच वर्षी, १५ जानेवारी १६२४ रोजी, व्हाइसरॉय आणि आर्चबिशप यांचे भांडण विकोपाला गेले असताना व्हाइसरॉयच्या एका अधिकाऱ्याची बग्गी मुख्य चौकातून निघाली. पोरांनी ‘पाखंडी’ म्हणून आरोळ्या ठोकल्या, दगड भिरकावले. त्यातून दंगल उसळली, राजवाड्याला आग लागली आणि व्हाइसरॉयला वेषांतर करून पळावे लागले.

पुढे सप्टेंबर १६२९ मध्ये महापूर आला. मेक्सिको शहर मुळात ॲझ्टेकांच्या तळ्यातल्या राजधानीवरच उभे होते. पाणी ओसरायला तब्बल पाच वर्षे लागली. तोवर अलामेडाचे शौकीनही ॲझ्टेकांच्याच जुन्या वाहनातून, होडीतून, घराबाहेर पडत होते.