काठावरची माणसं

स्मरणिकेसाठी खेळावर काहीतरी लिही, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खो-खो, कबड्डी, फार तर लंगडी असणार. त्यावर आपल्या बॅचमधले दोघं-तिघं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहितील. मी शाळेत कुठल्याच संघात नव्हते. मला खेळ भेटला तो मुलुंड सोडल्यावर, पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर, आणि तोही नाव वल्हवण्याचा. म्हणून हा लेख रोईंगबद्दल आहे. खरं सांगायचं तर रोईंग शिकवणाऱ्यांबद्दल.

आपल्या उपनगरांत पाणी काही कमी नाही. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला वेसावे, मढ, मनोरी, गोराई आणि मधोमध तीन तलाव. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली, पवई १८९१ साली. तिन्ही मुंबईची तहान भागवण्यासाठी केलेले. त्यांतल्या पवईचं पाणी पिण्याजोगं ठरलं नाही, आणि विहार-तुळशी जंगलाच्या कुंपणात राहिले. लहानपणी आपल्याला पवई माहीत होती ती गणपती विसर्जनासाठी, गळ टाकून तासन्‌तास बसलेल्या माणसांसाठी आणि मगरींच्या गोष्टींसाठी. वल्हं होतं ते कोळ्यांच्या हातात, पोटासाठी. ते हौसेनं हातात घ्यावं, असं आपल्या घरांत कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी शिकवणार कोण होतं?

पुण्याचं उलट आहे. तिथल्या नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या. पण सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात बंड गार्डनपाशी बंधारा झाला आणि त्याच्या मागे संथ पाणी साचून राहू लागलं. बंधारा शहराच्या पाण्यासाठी होता, पण पाणी थांबल्यावर साहेबांना नावा आठवल्या. १८६८ साली तिथे रॉयल कॉनॉट बोट क्लब निघाला. तो साहेबांचा क्लब, त्याच्याशी आपलं फारसं नातं नाही. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं साल १९२८. त्या वर्षी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं, म्हणजे सीओईपीनं, संगमाजवळ स्वतःचा बोट क्लब सुरू केला. कॉलेज १८५४चं. बांधकाम खात्यासाठी माणसं तयार करायला काढलेल्या संस्थेत मुलं नाव वल्हवायला लागली, आणि आजही वल्हवतात. दरवर्षी तिथे रेगाटा होतो. काठावर गर्दी जमते, पंट नावाच्या सपाट बुडाच्या नावांची रचना होते, कयाक तालावर फिरतात, बाणाच्या आकारात नावा पुढे येतात आणि अंधार पडल्यावर मशालींचा नाच होतो.

मी गेले तेव्हा मला वाटलं होतं की इथे शिट्टी गळ्यात घातलेले कुणीतरी सर असतील. तसं कुणी भेटलं नाही. मला शिकवलं ते एक वर्ष पुढे असलेल्या मुलीनं, आणि तिला तिच्या पुढच्यांनी. पहिले कित्येक दिवस तिनं मला नाव काठापासून लांब नेऊच दिली नाही. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून नावेचं टोक धरून ठेवायची आणि मी वल्हं पाण्यात किती बुडवायचं एवढंच करत राहायचे. जास्त खोल गेलं की ते अडकतं आणि दांडा पोटात बसतो, वर राहिलं की नुसतं पाणी उडतं. एकदा मी शहाणपणा करून एकटीच कयाक काढली आणि काठापासून वीस फुटांवर उलटले. नदीची चव सांगत नाही. ती मुलगी रागावली नाही. तिनं फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा नावेचं टोक धरलं.

काठावरचा माणूस या खेळात इतका का लागतो, हे थोडं समजावून सांगते. कारण मुलुंडच्या लोकांना मी हे सांगितलं की ते म्हणतात, वल्हवायचंच तर आहे, त्यात शिकवायचं काय. शर्यतीची एकट्याची नाव, जिला सिंगल स्कल म्हणतात, साधारण आठ मीटर लांब आणि वजनाला जेमतेम १४ किलो. रुंदी इतकी कमी की बसणाऱ्याचे नितंब कसेबसे मावतात. दोन्ही हातांत एकेक वल्हं. बसायची पाटी चाकांवर मागे-पुढे सरकते, म्हणून बहुतेक जोर पायांचा लागतो, हातांचा नव्हे. आणि मुख्य म्हणजे वल्हवणारा पाठमोरा बसतो. जिथे पोचायचं ती रेषा त्याला दिसतच नाही, दिसतो तो मागे टाकलेला रस्ता. २,००० मीटरच्या शर्यतीत तो दोनशेहून जास्त वेळा तीच हालचाल करतो. चूक होते ती पाठीमागे, मनगटात, क्षणभराच्या उशिरात. त्याची त्याला ती कधीच दिसत नाही. ती काठावरून सायकलवर किंवा बाजूच्या मोटरबोटीतून पाहणाऱ्याला दिसते. (आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही आपली चूक आपल्याला दिसत नाही, पण तिथे निदान बुडायला होत नाही.)

आता आपल्या महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट. दत्तू बबन भोकनळ, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही त्यांच्याबरोबर जायचा. पुढे पेट्रोल पंपावर काम करत शिकला. वडील गेल्यावर २०१२ साली सैन्यात भरती झाला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, खडकीला. तिथे कुद्रत अली नावाच्या प्रशिक्षकाची त्याच्यावर नजर गेली. उंच, लांब हातापायांचा, काम करून टणक झालेला मुलगा. कुद्रत अलींनी त्याला रोईंगकडे वळवलं. अडचण एवढीच की या मुलाला पाण्याची भीती वाटत होती. ज्यानं आयुष्यात पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाशी, त्याला दहा-वीस फूट खोल पाण्यावर फळीएवढ्या नावेत बसवायचं होतं.

२०१३ साली त्यानं पुण्याच्या आर्मी रोईंग नोडमध्ये सराव सुरू केला. हा नोड दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात आहे. तिथे लष्करानं शर्यतीसाठी सरळ कालवा करून घेतला आहे, कारण नदी वळते आणि शर्यतीला सरळ पाणी लागतं. २०१५ साली त्यानं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रौप्य मिळवलं, एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला ऑलिंपिकची पात्रता मिळवली. पाण्याला घाबरणारा मुलगा तीन वर्षांत तिथे पोचला. रिओला रोईंगमध्ये भारताचा तो एकटाच होता. तिथल्या तयारीत पॉल मोखा त्याचे प्रशिक्षक होते. उपांत्यपूर्व फेरीत चौथा आला, पदकाच्या शर्यतीतून बाहेर पडला, मग तेरा ते अठरा क्रमांकांसाठीच्या शर्यतीत ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत पहिला आला. म्हणजे एकूण तेरावा. त्या आठवड्यात त्याची आई डोक्याच्या दुखापतीनं आजारी होती.

तेरावा म्हटलं की आपल्याकडे लोक विचारतात, मग पदक कुठे? पदक आलं २०१८ साली, पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत, आणि कसं आलं ते माझ्या मते तेराव्या क्रमांकाहून जास्त सांगण्यासारखं आहे. सिंगल स्कल्सच्या अंतिम फेरीत दत्तूची तब्येत ढासळली आणि तो सगळ्यांच्या मागे राहिला. भारतीय संघाचा तो दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, त्याच दत्तूला स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसायचं होतं. आदल्या दिवशी कोसळलेल्या माणसाला नावेत बसवायचं की नाही, हा निर्णय नावेतला माणूस घेत नाही. मुख्य प्रशिक्षक इस्माईल बेग होते. त्यांना २००५ सालीच द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेला. २०१० साली ग्वांगझूला बजरंगलाल ताखर यानं भारताला आशियाई स्पर्धेतलं रोईंगचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं, तोही त्यांच्याच हाताखालचा. चौघं पाण्यात उतरले आणि ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत सुवर्ण जिंकले. दत्तूला पुढे २०२० साली अर्जुन पुरस्कारही मिळाला.

त्या निकालपत्रावर चार नावं आहेत. गळ्यात पदकंही चारच पडली. प्रशिक्षकाला पदक द्यायची पद्धत नाही. त्यातल्या त्यात बेग यांचं नाव पुरस्कारामुळे नोंदलं गेलं. कुद्रत अलींचं नाव शोधायचं तर दत्तूच्या बातम्यांत एखाद्या ओळीत सापडतं. माझ्या नावेचं टोक धरणाऱ्या मुलीचं नाव तर कुठेच नाही, आणि तिला ते छापलेलं आवडणारही नाही.

गेल्या वर्षी शाळेत गेले तेव्हा ऑफिसबाहेरचा लाकडी फलक मुद्दाम वाचला. आंतरशालेय विजेत्या संघांच्या कप्तानांची नावं सोनेरी रंगात आहेत, काही अक्षरं उडालेली. त्या संघांना रविवारी सकाळी मैदानावर कोण नेत होतं, मुलींच्या संघाबरोबर लोकलनं बोरिवलीपर्यंत कोण जात होतं, हरल्यावर वडापाव कोण खिलवत होतं, यातलं फलकावर काही नाही. आपल्या बॅचमधल्या ज्यांना ती नावं आठवत असतील त्यांनी ती वर्षासकट लिहून संपादक मंडळाकडे द्यावीत. फलकाच्या खालच्या बाजूला अजून दोन हात जागा आहे, मी मोजून आले आहे.