तळ्याकांठचा मुक्काम

रानांत रात्र काढावयाची म्हणजे आधीं पाणी शोधावयाचें, हा नियम जगांतील सर्व वाटसरूंना सारखाच लागू आहे. अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या पाणथळ चीडवनांतून पायीं हिंडणाऱ्यास पाणी वारंवार आडवें येतें. विदर्भाच्या पूर्व टोकास, गोंदिया जिल्ह्यांत, याच्या अगदीं उलट प्रकार आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह आणि बांबू यांच्या या रानांतील नाले उन्हाळ्यांत कोरडे पडतात, आणि मुक्कामाची जागा ठरवितो तो तलाव. हे तलाव बहुतेक मनुष्यनिर्मित आहेत, ही गोष्ट अरण्याची शोभा पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. चांद्याच्या गोंड राजांच्या काळीं वैनगंगेच्या खोऱ्यांत कोहळी समाजानें तलाव बांधण्याची विद्या नांवारूपास आणली. जो तलाव बांधील त्यास जमीन, असा राजांचा रिवाज असल्याचें परंपरा सांगते. दोन टेकड्यांमधील खिंड हेरून तेथें मातीची पाळ घालावयाची आणि सांठलेल्या पाण्यावर धान व ऊंस पिकवावयाचा, अशी ही पद्धत होती. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद आहे. नवेगांवबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, असें मानतात. सुमारें अकरा चौरस किलोमीटरांचा हा जलाशय टेकड्यांनीं वेढलेला असून त्यांच्या शिखरांना सातबहिणी म्हणतात. लोकांनीं कोलू पाटलास कोलासुर देव मानून पूजिलें. ज्यानें पाणी अडविलें तोच देव झाला, यांत या प्रदेशाचा सारा इतिहास आला.

इंग्रजी अमलांत १८६१ सालीं मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली. हिवाळा लागला कीं साहेबांचे दौरे निघत. राहुट्या, भांडींकुंडीं, दफ्तर बैलगाड्यांवर लादून तळ हलत असे, आणि तळ्याकांठची आमराई मुक्कामास सोयीची पडे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळच्या अरण्यप्रवासाचें चित्र त्यांत सांपडतें. परंतु अशा दौऱ्यांचें ओझें वाहणारे वेठीचे मजूर आणि पुढें चालणारे गोंड वाटाडे यांनीं स्वतः कांहीं लिहून ठेविलें नाहीं.

वाटा मात्र त्यांच्याच होत्या. चैत्रांत पहाटे मोहफुलें वेंचावयास जाणारी बाई, वैशाखांत तेंदूपत्ता तोडणारें कुटुंब, शिंगाड्यासाठीं व मासळीसाठीं तळ्यावर जाणारा ढिवर, यांच्या पावलांनीं त्या पडल्या. कोणत्या नाल्याची वाळू उकरली असतां झिरा लागतो, आणि सांज झाल्यावर कोणता पाणवठा जनावरांसाठीं मोकळा सोडावा, हें त्यांना ठाऊक असे. नागझिरा या नांवांतच नागदेवतेबरोबर झिऱ्याचीहि आठवण राहिली आहे.

पुढें नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें, नवेगांव १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि डिसेंबर २०१३ मध्यें हीं व शेजारचीं अभयारण्यें मिळून व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्याचें गाभाक्षेत्र सुमारें ६५३ चौरस किलोमीटर आहे. वाघास निवांतपणा मिळाला पाहिजे, हें खरेंच. म्हणून प्रवासी ठरलेल्या रस्त्यानें वाहनांतून हिंडूं लागले आणि स्वैर पायीं भटकणें संपलें. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथा तेवढी जुन्या अरण्यरात्रीची आठवण देते. पण गाभाक्षेत्रांतून गांवें उठलीं आणि त्यांच्याबरोबर वाटाहि बुजूं लागल्या. वाट बुजली म्हणजे केवळ गवत वाढतें असें नव्हे. तिच्यावरचें ज्ञानहि मुकें होतें.

तें ज्ञान लेखणींत आणण्याचें काम मारुती चितमपल्ली यांनीं केलें. १९३२ सालीं सोलापुरास जन्मलेला हा वनाधिकारी नवेगांवबांधास राहिला आणि तेथील माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांच्या संगतींत रान वाचावयास शिकला. वनवासी जनांच्या तोंडचे पक्ष्यांचे व झाडांचे शब्द त्यांनीं मराठींत रुजविले. १८ जून २०२५ रोजीं ते निवर्तले. परंतु साहेबांच्या तंबूबाहेर राहिलेला वाटाडा त्यांच्या लेखनांत आदरानें आंत आला.

महाराष्ट्रांतील सारस पक्ष्याचा शेवटचा मोठा आधार आज गोंदियाच हा आहे, आणि तो पक्षी तलावांच्या कांठीं व धानाच्या बांध्यांत वावरतो. म्हणजे कोहळ्यांची पाळ टिकली तर धान टिकतें, आणि धान टिकलें तर सारस टिकतो. अरण्य राखावयाचें तें माणसाला वजा करून, कीं त्याच्या शहाणपणासह, हा प्रश्न येथें वादविवादाचा उरत नाहीं. तळ्याकांठीं एक रात्र काढणाऱ्या शहरवासीयानें पाण्याची ओंजळ भरतांना एवढें स्मरावें कीं, हें पाणी कोणीतरी टोपल्यांनीं माती वाहून त्याच्यासाठीं अडविलें आहे.