हॉलची शंका

मोटारीच्या एंजिनात दट्ट्या चार कामे करतो: मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटल्यावर खाली ढकलले जाणे आणि धूर बाहेर लोटणे. हा क्रम जर्मनीत ऑटोने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखविला. एवढ्या अवधीत क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र एकदाच. दट्ट्या माथ्यावर दोनदा येतो, एकदा मिश्रण दाबून व एकदा धूर लोटून. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. ही वेळ कोणती, हे एकट्या क्रँकशाफ्टची स्थिती पाहून ठरत नाही. कॅमशाफ्टलाच विचारावे लागते. पूर्वी ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टच्याच गतीने फिरे, म्हणून प्रश्नच नव्हता. पुढे हे काम संगणकाकडे गेले आणि कॅमशाफ्टवर सेन्सर बसवावा लागला.

पुष्कळ गाड्यांतील या सेन्सरचे मूळ एका विद्यार्थ्याच्या शंकेत आहे. चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तिच्यातील प्रवाहावर नव्हे, असे मॅक्सवेलने आपल्या १८७३ च्या ग्रंथात लिहिले होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन हॉलला ते पटेना. त्याने गुरू रोलंड यांना विचारले. त्यांनाही तोच संशय होता. त्यांनी घाईने केलेला प्रयोग मात्र फसला होता. हॉलचेही पहिले प्रयत्न वाया गेले. अखेर १८७९ मध्ये त्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटविला, त्यातून प्रवाह सोडला आणि तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. वर्खाच्या दोन्ही कडांमध्ये अल्पसा विद्युद्दाब आढळला. प्रवाह खरोखरच एका बाजूस रेटला जात होता. इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा अठरा वर्षे दूर होता!

धातूत हा दाब अत्यल्प असतो; अर्धवाहक पदार्थांत तो पुष्कळ मोठा मिळतो. म्हणून त्यांचे युग आल्यावर हॉलचा शोध यंत्रांच्या उपयोगी पडला. कॅमशाफ्टवरील चाकाचा दात सेन्सरसमोरून गेला की सेन्सरमधील चुंबकाचे क्षेत्र बदलते, दाब बदलतो, आणि संगणकाला दट्ट्याचा पाळीक्रम कळतो. तारेच्या वेटोळ्याच्या सेन्सरला वेग लागतो. हॉलचा सेन्सर चाक अगदी सावकाश फिरतानाही दात ओळखतो.

ऑटोचे एंजिन आणि हॉलचा वर्ख यांत अंतर अवघे तीन वर्षांचे. त्यांची गाठ पडायला मात्र जवळजवळ शतक लागले. मोटारीचा विचार हॉलच्या मनात नव्हता. ग्रंथातील एक वाक्य त्याला खटकले आणि गुरूने त्याला गप्प बसविले नाही. आपल्या वर्गांत असे वाक्य खटकलेला विद्यार्थी उठून उभा राहतो, तेव्हा त्याला काय उत्तर मिळते, याचा विचार आपण करावयास हवा.