हिएरोनिमोचा रुमाल

१४ मार्च १५९२, दुपार. लंडन पुलाच्या दक्षिण वेशीवर राजद्रोह्यांची मुंडकी टांगलेली आहेत, म्हणून तुम्ही होडीनं थेम्स ओलांडता. अस्वलांच्या आखाड्यावरून चिखल तुडवत ‘रोझ’ नाट्यगृह गाठता, दारावरच्या मातीच्या गल्ल्यात एक पेनी टाकता आणि रंगमंचापुढच्या उघड्या अंगणात उभे राहता. पायांखाली हेझलनटची टरफलं चुरडतात.

आज ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ आहे. लेखक कोण, हे शेजाऱ्याला विचारू नका. थोड्याच महिन्यांत नाटक छापलं जाईल, त्यावरही थॉमस किडचं नाव नसेल. शेक्सपिअरचा हॅम्लेट अजून जवळजवळ दहा वर्षं दूर आहे. स्पेनचं आरमार परतून अजून चार वर्षंही झालेली नाहीत, त्यामुळे स्पॅनिश दरबारात रक्त सांडणार म्हणून गर्दी आधीच खुशीत आहे.

युद्धात मारला गेलेला आंद्रेआ भूत होऊन येतो. सोबत साक्षात सूड. दोघं खेळ बघायला बसतात, तुमच्यासारखेच. पुढे हा सूड चक्क झोपी जाईल आणि भूत त्याला हलवून उठवेल. लोक हसतील. हसा तुम्हीही, पण न्यायाला उशीर का होतो याचं इतकं थेट उत्तर न्यायालयात मिळत नाही.

आता कापडावर नजर ठेवा. प्रेयसी बेल-इम्पेरियानं आंद्रेआला दिलेली प्रेमाची खूण त्याचा मित्र होराशियोनं त्याच्या प्रेतावरून काढून स्वतः बांधली आहे. तो हे सांगतो, तेव्हा ती म्हणते, आता त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी वापर. मग बागेतल्या मांडवात दोघं भेटतात, तिथेच मारेकरी होराशियोला लटकावतात आणि भोसकतात. आरडाओरडा ऐकून त्याचा बाप हिएरोनिमो निजायच्या कपड्यांतच धावत येतो. मुलाला खाली उतरवतो आणि एक रुमाल त्याच्या रक्तात बुडवून जवळ ठेवतो. आधीचं कापड आणि हा रुमाल एकच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इथे उभं राहून बघताना मला तरी ते एकच वाटतं: प्रियकराकडून मित्राकडे, मित्राकडून बापाकडे.

हिएरोनिमो स्वतः न्यायाधीश आहे, हा खरा डंख. दुसऱ्यांना न्याय द्यायचा आणि आपल्याला मिळत नाही. कागद तर पदोपदी दगा देतात. बेल-इम्पेरिया शाई नाही म्हणून रक्तानं पत्र लिहून त्याला खुन्यांची नावं कळवते, तर हा सापळा असेल म्हणून तो आधी विश्वासच ठेवत नाही. मारेकऱ्यांचा साथीदार पेद्रिंगानो फासाखाली उभा राहून थट्टा करतो, कारण पोऱ्याच्या हातातल्या पेटीत आपला माफीनामा आहे अशी त्याची खात्री. तुम्हाला मात्र ठाऊक आहे की पेटी रिकामी आहे. पोऱ्यानं ती आधीच उघडून पाहिली आहे. फास बसतो, शेजारचे खिदळतात.

मग एक म्हातारा अर्ज घेऊन येतो. त्याच्याही मुलाचा खून झालाय. डोळे पूस म्हणून हिएरोनिमो त्याला रुमाल द्यायला जातो आणि हातात येतो तो रक्ताळलेला. अंगण गप्प. दुसऱ्याचं दुःख पुसायला काढलेलं कापड आपलंच निघतं. तो मागे घेतो. फिर्यादींचे कागद मात्र तो दातांनी फाडतो. वेड म्हणा हवं तर, पण काय फाडायचं आणि काय जपायचं हे वेड्याला नेमकं कळतं.

शेवटी दरबारासाठी नाटकातलं नाटक होतं. त्यात खोट्या वाटणाऱ्या कट्यारी खऱ्या निघतात. हिएरोनिमो पडद्यामागचं मुलाचं प्रेत दाखवतो, रुमाल वर धरतो आणि कारण सांगतो. राजाला आणखी हवं असतं. तेव्हा हा स्वतःची जीभ चावून तोडतो. लिहून दे म्हणतात. तो खुणेनं लेखणी तासायला चाकू मागतो आणि त्याच चाकूनं ड्यूक ऑफ कॅस्टिलला भोसकून स्वतःलाही संपवतो.

टाळ्या कोसळतात. कॅस्टिलचा खुनात हात नव्हता, तो फक्त एका खुन्याचा बाप होता. पण आंद्रेआचं भूत खूश आहे. ते त्याच्याही नावानं नरकातली शिक्षा मागतं, आणि अंगणात कुणी हरकत घेत नाही.