सांकलिया, हसमुख धीरजलाल : संशोधन आणि प्रभाव

(१० डिसेंबर १९०८ – २८ जानेवारी १९८९). भारतीय पुरातत्त्वज्ञ आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाचे शिल्पकार. जन्म मुंबईत, गुजराती कुटुंबात. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू करण्याचा पूर्वापार रिवाज मोडला, त्याचे सर्वांत मोठे श्रेय सांकलियांकडे जाते. सातवाहनांच्या आधी या भूमीवर शेती करणारी, तांबे वापरणारी, रंगीत भांडी घडवणारी गावे हजारभर वर्षे नांदत होती आणि त्याही मागे अश्मयुगीन माणूस गोदावरी-प्रवरेच्या काठी वावरत होता, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केले.

सांकलिया पुरातत्त्वाकडे संस्कृत आणि प्राचीन इतिहासाच्या वाटेने आले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहासकार फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. पुढे लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेथे असताना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या इंग्लंडमधील मेडन कॅसल येथील उत्खननात त्यांनी प्रत्यक्ष काम केले आणि थरांचा क्रम काटेकोरपणे नोंदवण्याची शिस्त हस्तगत केली. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा ते तेथे प्राध्यापक झाले. १९७३ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही.

प्रागितिहासात त्यांचा खरा प्रवेश झाला तो १९४१-४२ च्या गुजरात मोहिमेत, साबरमतीच्या खोऱ्यात. त्यानंतर मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे वाळूच्या टेकाडात सूक्ष्मास्त्रांबरोबर (अगदी लहान दगडी हत्यारांबरोबर) हातपाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे मिळाले. या कामात मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्यांच्या सहकारी होत्या. दगडी हत्यारे जमवून त्यांची वर्गवारी करणे एवढ्यापुरती प्रागितिहासाची झेप तोवर मर्यादित होती. लांघणजला ती हत्यारे वापरणारी माणसे, त्यांनी मारलेली जनावरे आणि त्यांची दफनाची रीत एकाच जागी अभ्यासता आली.

नेवासे हे त्यांच्या कामाचे मर्मस्थान म्हणावे लागेल. ज्ञानेश्वरीमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावी प्रवरेच्या काठावरील ‘लाडमोड’ या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. नदीच्या दरडीत वाळूगोट्यांचे दोन थर त्यांनी वेगळे ओळखले. खालच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरश्या होत्या. वरच्यात जॅस्पर, चर्ट अशा बारीक कणांच्या दगडांच्या छिलक्यांपासून केलेल्या तासण्या. या दोन थरांच्या वरखालीपणावरून भारतात मध्य पुराश्मयुगाचा स्वतंत्र टप्पा आहे हे स्पष्ट झाले आणि त्या हत्यारपरंपरेला ‘नेवासियन’ हे नाव मिळाले. टेकाडावरच्या चरांत ताम्रपाषाणयुगापासून मराठा काळापर्यंतच्या वस्त्यांचे अवशेष एकावर एक सापडले. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने होती : दोन मडकी आडवी ठेवून, तोंडाला तोंड भिडवून त्यांत मूल पुरलेले. १९६० साली शां. भा. देव, झै. दा. अन्सारी आणि एरहार्ट यांच्यासह लिहिलेला नेवाशाचा अहवाल निघाला. खणून झाल्यावर काही वर्षांत सविस्तर अहवाल छापायचा हा सांकलियांचा दंडक होता. अहवाल दशकानुदशके रखडण्याची सवय जडलेल्या या क्षेत्रात त्यांचे हे वेगळेपण फार मोलाचे ठरते.

संगमनेरजवळच्या जोर्वे येथील १९५०-५१ चे उत्खनन छोटे होते. त्याच हंगामात नाशिकची मातीची गढीही खणली गेली आणि दोन्हींचा अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. पण नाव चालले ते तेथल्या खापरांमुळे. चाकावर घडवलेली, पातळ अंगाची, नारिंगी-तांबडी, काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली ही भांडी इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. नळीसारख्या तोटीचे भांडे आणि मध्ये कंगोरा असलेला वाडगा हे त्यांचे ओळखीचे आकार. अशी खापरे तापी, गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांत जागोजाग मिळू लागली आणि इ. स. पू. सुमारे १४०० ते ७०० या काळातील शेतकरी संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव पडले.

नर्मदेकाठी महेश्वर आणि समोरच्या तीरावरील नावडाटोली (उत्खनन १९५२-५३ व १९५७-५९) येथे ताम्रपाषाणयुगीन माळवा संस्कृतीचे मोठे गाव उघडे झाले. गहू, तांदूळ आणि कडधान्ये यांचे जळके दाणे तेथे मिळाले; कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवून घेण्याचा आग्रहही सांकलियांनी धरला. नावडाटोलीच्या पन्हाळी तोटीच्या पेल्यांचे इराणमधील भांड्यांशी असलेले साम्य पाहून त्यांनी पश्चिम आशियातून लोक आल्याचे, कदाचित ते आर्य असल्याचे सुचवले. हा तर्क आज बहुतेक अभ्यासक मान्य करत नाहीत. भांड्याच्या आकारावरून लोकांच्या स्थलांतराचा माग काढणे ही त्या पिढीची सार्वत्रिक पद्धत होती, आणि सांकलियांच्या कामाची हीच बाजू सर्वांत लवकर जुनी झाली. रामायणातील लंका मध्य भारतात शोधणारे त्यांचे प्रतिपादनही (१९७३) खूप गाजले, वादग्रस्त ठरले. पुरातत्त्वीय पुराव्याचा त्याला आधार तोकडाच होता. राजस्थानातील अहाड आणि काश्मीरमधील लिद्दर खोरे येथील त्यांची कामे अधिक टिकाऊ निघाली.

‘प्रीहिस्टरी अँड प्रोटोहिस्टरी ऑफ इंडिया अँड पाकिस्तान’ या ग्रंथाने (१९६०च्या दशकाच्या आरंभी, सुधारित आवृत्ती १९७४) भारतीय उपखंडाच्या प्रागितिहासाचे सर्व विखुरलेले साहित्य प्रथमच एका माळेत ओवले, आणि अनेक विद्यापीठांतून तो पाठ्यग्रंथ झाला. दगडी हत्यारे कशी घडवली जात आणि त्यांना काय नावे द्यावीत, हे सांगणारे १९६४ चे छोटे पुस्तक विद्यार्थ्यांना रोजच्या उपयोगाचे होते. मराठी वाचकांसाठी म. श्री. माटे यांच्या सहकार्याने त्यांनी ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ तयार केले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७८ चे ‘बॉर्न फॉर आर्किऑलॉजी’ हे त्यांचे आत्मचरित्र.

त्यांच्या प्रभावाचे मोजमाप ग्रंथांइतकेच माणसांवरून करावे लागते. बेंडापुडी सुब्बाराव, रा. वि. जोशी, शां. भा. देव, म. के. ढवळीकर, वि. ना. मिश्र यांच्यासारखे अभ्यासक डेक्कन कॉलेजच्या या परंपरेत घडले किंवा तिच्याशी जोडले गेले. नद्यांचे थर, प्राण्यांची हाडे, धान्य, माती आणि सांगाडे यांचे तज्ज्ञ एकाच विभागात पुरातत्त्वज्ञांच्या शेजारी बसून काम करू लागले; भारतीय विद्यापीठांत असे चित्र तोवर नव्हते.

या पद्धतीचे सर्वांत भरघोस फळ म्हणजे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचे इनामगाव. १९६८ पासून अनेक हंगाम चाललेल्या या उत्खननाची धुरा ढवळीकरांनी वाहिली. अरुंद खोल चरांऐवजी येथे मोठे क्षेत्र आडवे उघडले गेले, म्हणून घरांची मांडणी, पाटाचे पाणी आणि जव यांवर उभी असलेली शेती आणि पावले नसलेली दफने, म्हणजे पुरण्यापूर्वी घोट्याखाली पाय तोडण्याची चाल, यांचा एकत्रित विचार करता आला. दरम्यान सांकलियांनी वयाची पासष्टी ओलांडल्यावर अमेरिकेतल्या ‘न्यू आर्किऑलॉजी’ या विचारधारेचा अभ्यास केला आणि भारतात तिचा उपयोग कसा करता येईल यावर व्याख्याने दिली, ती १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. इनामगावचा अहवाल ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांच्या नावाने १९८८ मध्ये निघाला, सांकलियांच्या निधनाच्या आदल्या वर्षी.