कार्ब्युरेटरच्या गाडीचे आयडलिंग का बिघडते?

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर किंवा जुनी मारुती 800 सिग्नलला थांबताच थरथरू लागली वा बंद पडली, की दोष सहसा कार्ब्युरेटरला दिला जातो आणि त्याचे स्क्रू फिरवले जातात. बिघाड दुसरीकडे असेल, तर अशाने तो फक्त झाकला जातो आणि पेट्रोल जास्त लागू लागते. म्हणून स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा.

आयडलिंग म्हणजे काय?

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद होते. तेव्हा इंजिन स्लो जेटमधून येणाऱ्या थोड्याशा पेट्रोलवर चालते. अशा वेळी कुठूनही जादा हवा शिरली, तरी मिश्रण बिघडते. वेगात मुख्य जेट काम करत असल्याने हाच दोष रस्त्यावर फारसा जाणवत नाही.

लक्षणे काय सांगतात?

• चोक ओढल्यावरच इंजिन टिकते : पेट्रोल कमी पडते आहे. स्लो जेटमध्ये कचरा असेल किंवा बाहेरून हवा शिरत असेल.
• काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लगवर काजळी : पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अर्धवट अडकला असेल किंवा फ्लोटची सुई नीट बसत नसेल.
• ठरावीक लयीत झटके (मिसिंग) : एखादा सिलिंडर काम करत नसेल.

तपासणीचा क्रम

1. प्लग, प्लगच्या वायर, पॉइंटमधील गॅप आणि एअर फिल्टर तपासावेत.
2. इंजिन चालू असताना व्हॅक्युमचे रबरी पाइप एकेक करून चिमटीत दाबावेत. एखादा दाबल्यावर इंजिन सुधारले, तर हवा त्याच बाजूने शिरते आहे. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंगही पाहावे.
3. स्लो जेट काढून हवेच्या दाबाने साफ करावे. तार घातल्यास छिद्र मोठे होते.
4. शेवटी, इंजिन गरम आणि चोक पूर्ण बंद असताना मिक्श्चर स्क्रू थोडा थोडा फिरवावा. इंजिन सर्वांत सुरळीत चालेल तिथे तो ठेवून दुसऱ्या स्क्रूने वेग कमी करावा. मिक्श्चर स्क्रू किती फेरे उघडा होता, हे आधी मोजून लिहून ठेवावे.

काळजी

हे काम मोकळ्या जागीच करावे. बंद गॅरेजमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. पेट्रोल गळत असेल, तर आधी इंजिन बंद करावे.